१९७४ ची कॉर्व्हेट, चार इंचांचा प्ले आणि बिचारा स्टीअरिंग बॉक्स

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुमच्याकडे १९७४ ची सी-३ (तिसऱ्या पिढीची) शेव्हरले कॉर्व्हेट आहे, ३५० क्युबिक इंचांचं इंजिन, पॉवर स्टीअरिंग, टिल्ट-टेलिस्कोपिक (तिरका आणि मागे-पुढे होणारा) कॉलम. स्टीअरिंगला रिमवर (व्हीलच्या कडेवर) चार इंचांचा प्ले आहे, म्हणजे तेवढं फिरवेपर्यंत चाकं वळतच नाहीत, हायवेला पासष्ट मैलांच्या वेगात गाडी लेनमध्ये भरकटते, आणि गराजच्या फरशीवर डाव्या बाजूला तेलाचे डाग पडतात. जवळच्या मेकॅनिकने सांगितलं, ‘स्टीअरिंग बॉक्स गेला, बदला.’ (बॉक्स म्हणजे कॉलमच्या टोकाची गिअरपेटी, जी स्टीअरिंगचं फिरणं चाकं वळवणाऱ्या दांड्यांना देते.) आता तुम्ही विचारताय की मूळचाच रिबिल्ट बॉक्स घालू, नवा पॉवरचा बॉक्स घालू, की सरळ रॅक अँड पिनियन (बॉक्सऐवजी दातेरी पट्टीची व्यवस्था) करून टाकू. आणि हे काम घरच्या घरी होईल का.

तुमच्या पत्रात तक्रारी तीन आहेत, आरोपी मात्र एकच पकडलाय. मी जुन्या अमेरिकन गाड्यांच्या चेसिसचंच काम करतो, आणि या गाड्यांत निरपराध बॉक्स बदलले गेलेले मी बरेच पाहिलेत. त्यामुळे कोणता बॉक्स हे ठरवण्याआधी बॉक्स खरंच गेलाय का, ते बघू.

तेलापासून सुरुवात करतो, कारण तो मुद्दा लगेच निकालात निघतो. १९६३ पासून १९८२ पर्यंतच्या कॉर्व्हेटमध्ये पॉवर स्टीअरिंग असलं तरी बॉक्स साधा, मॅन्युअलच असतो. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाचा, रीसर्क्युलेटिंग बॉल (आत गोळ्या फिरणारा) प्रकारचा, १६:१ गुणोत्तराचा, म्हणजे शाफ्ट सोळा अंश फिरला की बाहेरचा आर्म एक अंश फिरतो. पॉवर येते ती बॉक्सच्या बाहेरून. पिटमन आर्मचा (बॉक्समधून निघणाऱ्या लिव्हरचा) बॉल-स्टड जिथे रिले रॉडला (दोन्ही चाकांकडच्या दांड्यांना जोडणाऱ्या मधल्या दांड्याला) मिळतो तिथे कंट्रोल व्हॉल्व्ह बसवलेला असतो, आणि रिले रॉड व चेसिस यांच्यामध्ये एक हायड्रॉलिक सिलिंडर असतो. तुम्ही स्टीअरिंग वळवलंत की व्हॉल्व्हला त्याचा दाब कळतो, तो सिलिंडरला तेल सोडतो आणि सिलिंडर रिले रॉड ढकलतो. बॉक्सच्या पोटात हायड्रॉलिक तेलाचा थेंबही नसतो, असतं ते ग्रीस. त्यामुळे फरशीवरचं पातळ तेल पॉवर स्टीअरिंगचं असेल, तर ते बॉक्समधून येणं शक्यच नाही. कंट्रोल व्हॉल्व्ह, सिलिंडरचं सील किंवा चार होजपैकी (तेलाच्या नळ्यांपैकी) एखादा, यांतलंच काहीतरी असणार. अपवाद एकच. आधीच्या मालकाने बॉक्समध्ये ग्रीसऐवजी गिअर ऑइल भरलेलं असेल तर तेही खालच्या सीलमधून गळतं. हाताला लावून वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र गंधकाचा वास लपत नाही.

म्हणजे नवा बॉक्स घातला असतात तरी डाग पडतच राहिले असते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. गाडी पन्नास वर्षांची आहे, मधल्या मालकांनी काय काय केलंय ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. हेडर्स (एक्झॉस्टचे बाहेरून घेतलेले मोठे पाइप) बसवलेत का, गाडी बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालली आहे का, मूळ भाग राखण्याला तुम्ही किती किंमत देता, आठवड्याला किती चालवता, या सगळ्यावर उत्तर बदलतं. बॉक्स खरोखर गेलेलाही असू शकतो. पण तो शेवटचा संशयित धरा, पहिला नको.

त्यामागचं गणित असं आहे. स्टीअरिंगपासून बॉक्सपर्यंत जो खेळ असतो तो रिमवर जसाच्या तसा दिसतो. बॉक्सच्या पुढे, म्हणजे पिटमन आर्मपासून चाकापर्यंत जो खेळ असतो, तो उलटा येताना बॉक्सच्या गुणोत्तराने मोठा होऊन येतो. टाय रॉडच्या (रिले रॉडपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी जेमतेम दीड मिलिमीटर ढिलाई असली तरी रिमवर ती सुमारे इंचभर जाणवते. अशा दोन-तीन किरकोळ ढिलाया एकत्र आल्या की तुमचे चार इंच पूर्ण होतात, आणि बॉक्स तसाच धडधाकट असतो. चालवणाऱ्याच्या हाताला मात्र हे सगळं एकाच जागी, स्टीअरिंगवर जाणवतं, म्हणून दोष बॉक्सच्या नावावर जातो.

तपासणी अशी करा. गाडी चाकांवरच उभी हवी, जॅकवर नको, कारण जमिनीचा विरोध असेल तरच ढिले सांधे हलताना दिसतात. चारही चाकं उंचीवर घेणारा रॅम्प मिळाला तर उत्तम. इंजिन बंद ठेवून घरातल्या कुणाला तरी स्टीअरिंगवर बसवा आणि प्ले जेवढा आहे त्याच्या जरासं पलीकडे, डावीकडे-उजवीकडे, सावकाश हलवत राहायला सांगा. तुम्ही बॉनेटखाली आणि मग गाडीखाली एकेक सांधा बघत पुढे सरका. डोळ्याला शंका आली तर सांध्यावर बोट ठेवा, ढिलाई बोटाला आधी कळते.

पहिला बघायचा तो रॅग जॉइंट. कॉलमचा शाफ्ट आणि बॉक्स यांच्यामधली ती रबर-कापडाची चकती. गरम इंजिनाशेजारी पन्नास वर्षं काढल्यावर ती मऊ पडते, तेल लागलं तर कुजते. वरचा शाफ्ट फिरतो आणि चकतीखालचा फ्लँज उशिरा फिरतो, असं दिसलं की समजा एक आरोपी सापडला. स्वस्त भाग आहे आणि बॉक्सपेक्षा कितीतरी सोपा.

त्यानंतर बॉक्स. बॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट आणि बाहेर पडणारा पिटमन आर्म, दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवा. शाफ्ट फिरतोय आणि आर्म हलत नाहीये, असा काळ किती आहे तेवढाच बॉक्सचा खरा प्ले. बॉक्सच चेसिसवर हलतोय का, तेही बघा. तीन बोल्टांवर तो डाव्या रेलला बसलेला असतो. बोल्ट ढिले असले तर आवळून काम भागतं. तिथे रेललाच चीर असेल तर मात्र आधी वेल्डर गाठा, बॉक्सचं नंतर.

मग पिटमन आर्म आणि कंट्रोल व्हॉल्व्ह. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. इंजिन बंद असताना हा व्हॉल्व्ह थोडासा मागे-पुढे सरकणारच, कारण आतला स्पूल (सरकता दट्ट्या) सरकला तरच तो काम करू शकतो. ती झीज नव्हे. म्हणून याच जागेची तपासणी इंजिन चालू ठेवून पुन्हा करा. तरीही बॉल-स्टड आपल्या खोबणीत वर-खाली खुळखुळत असेल तर ती झीज. पुढे उजव्या बाजूचा आयडलर आर्म (रिले रॉडला त्या बाजूने आधार देणारा) बघा. तो हाताने धरून वर-खाली ओढला तर हलता कामा नये. शेवटी चारही टाय रॉड एंड, आणि मग गाडी जॅकवर घेऊन पुढच्या चाकांच्या बेअरिंगा आणि बॉल जॉइंट.

हे एवढं झाल्यावर दोन ओळींचा हिशोब कागदावर येईल: खेळ कुठे आहे आणि कुठे किती. तो आल्याशिवाय काही मागवू नका.

आता भरकटण्याबद्दल. प्ले आणि भरकटणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, जरी एकत्र आल्या तरी. सी-३ च्या मागच्या बाजूला इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, आणि मागची चाकं ज्या ट्रेलिंग आर्मवर असतात त्यांच्या पुढच्या टोकाला रबरी बुश आहे. तो बुश संपला की ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना मागचं चाक स्वतःहून थोडं वळतं. पुढचं स्टीअरिंग कितीही नवं करा, मागून गाडी चालवणारा दुसराच कुणीतरी असतो. ओळखायची खूण सांगतो. स्टीअरिंग स्थिर धरून वेग कमी-जास्त करा. त्याच क्षणी गाडी बाजूला सरकली तर मागे बघा. मागच्या चाकांचा टो (चाक आत किंवा बाहेर किती वळलेलं आहे तो कोन) या आर्मशेजारच्या शिमांनी (पातळ पत्र्यांनी) ठरतो, आणि तो बोल्ट गंजलेला असेल तर कापूनच काढावा लागतो. ते काम बॉक्सपेक्षा जास्त घाम काढतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पुढच्या बाजूला कॅस्टर बघा, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. पॉवर स्टीअरिंगच्या गाडीला कारखान्याने सव्वादोन अंशांच्या आसपास धन कॅस्टर दिला होता, मॅन्युअलला त्याहून कमी, कारण कॅस्टर वाढला की हाताला जड जातं. कुणी अलाइनमेंट करताना कॅस्टर शून्याकडे नेऊन ठेवला असेल तर गाडी सरळ राहणारच नाही. पॉवर असलेल्या गाडीला मी तीन अंशांपर्यंत किंवा थोडा वर जातो, वरच्या आर्मच्या शिमा बसतील तेवढा. हायवेला लगेच फरक पडतो.

भरकटण्याचं तिसरं कारण कंट्रोल व्हॉल्व्हचं संतुलन. व्हॉल्व्ह मध्यावर नसेल तर तो सिलिंडरला एकाच बाजूला सतत हलकं ढकलत ठेवतो आणि तुम्ही नकळत उलट दिशेने धरून बसता. तपासणी सोपी आहे. सिलिंडरच्या दांड्याचं चेसिसकडचं टोक सोडवा, सगळ्यांना दूर करा, इंजिन सुरू करा. दांडा आपोआप बाहेर आला किंवा आत गेला तर व्हॉल्व्ह मध्यावर नाही. व्हॉल्व्हच्या टोकाची टोपी काढून आतला नट थोडा थोडा फिरवायचा, दांडा दिशा बदलतो ती जागा शोधायची आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये थांबायचं. बोटं दांड्याच्या वाटेत ठेवू नका, तो चांगल्या ताकदीने सुटतो.

आता समजा सगळं तपासलं आणि खेळ खरंच बॉक्समध्ये निघाला. तरी लगेच बदलू नका, आधी ॲडजस्ट होतो का बघा. त्यासाठी आत काय आहे ते कळायला हवं. स्टीअरिंगच्या शाफ्टला वर्म आहे, त्यावर नट आहे, आणि दोघांच्या खाचांमधून स्टीलच्या गोळ्या फिरत राहतात. नटाच्या बाहेरचे दात सेक्टर शाफ्टच्या दातांत अडकतात, आणि सेक्टरला पिटमन आर्म. यातली खुबी अशी की मधला दात किंचित घट्ट बसेल असा कापलेला असतो. म्हणजे सरळ चालताना बॉक्समध्ये प्ले जवळजवळ शून्य, आणि वळल्यावर थोडी मोकळीक. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यातच जातं, म्हणून झीजही नेमकी मधेच होते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली: बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य जुळलेला हवा. कुणीतरी अलाइनमेंटनंतर स्टीअरिंग वाकडं आलं म्हणून टाय रॉडच्या स्लीव्ह (लांबी कमी-जास्त करणाऱ्या नळ्या) फिरवण्याऐवजी स्टीअरिंग व्हीलच काढून सरळ लावलं, की बॉक्स मध्य सोडून चालायला लागतो. मग सरळ रस्त्यावर तुम्ही कायम त्याच्या ढिल्या भागात असता. बॉक्स उत्तम, पण बसवलाय चुकीच्या जागी. हे मी इतक्या गाड्यांत बघितलंय की आता सर्वांत आधी मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजतो आणि निम्म्यावर स्टीअरिंग सरळ येतं का, ते बघतो. कारखान्याच्या हिशोबाने तुमच्यासारख्या पॉवरच्या गाडीला ते तीनला थोडे कमी भरतात, मॅन्युअलला सुमारे ३.४.

दुसरी: वरचा स्क्रू आंधळेपणाने आवळू नका. पद्मिनीवर हात बसलेल्या आपल्याकडच्या मंडळींना प्ले काढायचा म्हणजे बॉक्सवरचा लॉकनट सोडून स्क्रू पाव फेरा आवळायचा, एवढंच ठाऊक असतं. इथे मध्य झिजलेला असताना तसं केलं की मध्यावरचा प्ले जातो, पण वळणावर, जिथे झीज नाही, तिथे बॉक्स अडकायला लागतो. वळण संपलं की स्टीअरिंग परत येत नाही. ती गाडी आधीपेक्षा धोकादायक झाली.

बरोबर क्रम असा: पिटमन आर्म सोडवून बॉक्स मोकळा करायचा. आधी वर्मच्या बेअरिंगांचा प्रीलोड (घट्टपणा), मोठ्या ॲडजस्टर प्लगने. तो झाल्यावरच सेक्टरचा स्क्रू, आणि तोही बॉक्स बरोबर मध्यावर असताना. दोन्ही वेळा इंच-पौंडांच्या छोट्या टॉर्क रेंचने मोजायचं, आकडे तुमच्या वर्षाच्या शॉप मॅन्युअलमध्ये आहेत. मोकळा बॉक्स टोकांवर नेऊन आपटू नका, गोळ्यांच्या पन्हाळी वाकतात. फिरवताना मध्येच खरखर किंवा अडखळ लागली तर ॲडजस्टमेंट थांबवा, आतल्या धावा (गोळ्यांच्या वाटा) खड्ड्यांनी भरल्यात. अशा बॉक्सला स्क्रूने बरं वाटणार नाही.

तेव्हा मग तुमचे तीन पर्याय खरे होतात.

रिबिल्ट मूळ बॉक्स. गाडी मूळ स्थितीत ठेवायची असेल, किंवा तुम्हाला या गाडीचं जडसर, यांत्रिक स्टीअरिंग आवडत असेल तर हाच. पण ‘रिबिल्ट’ म्हणजे काय ते विचारा. बाजारात एक्स्चेंजवर मिळणाऱ्या काही बॉक्सना नवीन सील, नवा रंग आणि जुनाच वर्म असतो. मी उघडून बघितलेत. विचारायचे प्रश्न तीन: वर्म आणि नट नवे की तेच? सेक्टर शाफ्टचे बुश बदलले का? ॲडजस्टर स्क्रूच्या डोक्याखालचा खेळ शिमने २ थाऊच्या (२ सहस्रांश इंचाच्या) आत आणला का? उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा. शक्य असेल तर स्वतःचाच बॉक्स रिबिल्डला द्या आणि तोच परत घ्या. आणि ग्रीस निमपातळ प्रकारचं, स्टीअरिंग बॉक्ससाठीचं. जाड चेसिस ग्रीस भरलं की वर्म त्यातून बोगदा करतो आणि ग्रीस परत दातांवर येतच नाही.

नवा इंटिग्रल पॉवर बॉक्स, म्हणजे पॉवर बॉक्सच्या आतच. बोर्गेसन ही कंपनी या गाड्यांसाठी असा बॉक्स बनवते. रोज किंवा लांब चालवणाऱ्यासाठी माझा कल इकडे असतो, आणि त्याचं मुख्य कारण बॉक्स नव्हेच. कंट्रोल व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि दोन होज कायमचे जातात, म्हणजे गळतीच्या बहुतेक जागाच जातात. व्हॉल्व्हच्या जागी साधा बॉल-स्टडचा अ‍ॅडॉप्टर येतो. तुमचा व्हॉल्व्हही गळतोय, सिलिंडरही आणि बॉक्सही झिजलाय, असं निघालं तर तिन्ही रिबिल्ड करण्यापेक्षा हा सौदा परवडतो.

पण बोल्ट लावले आणि झालं, असं ते काम नाही. नवा बॉक्स मूळच्यापेक्षा लांब आहे, त्यामुळे कॉलमचा शाफ्ट तेवढा आखूड करावा लागतो. १९६७ पासूनचे कॉलम अपघातात आत दबावेत असे बनवलेले आहेत, शाफ्ट एकमेकांत सरकतो आणि प्लास्टिकच्या पिना त्याला धरून ठेवतात. आखूड करताना त्या पिना तुटतात, ते अपेक्षितच आहे. पण हे काम गाडीत बसून हातोडीने करायचं नाही. कॉलम बाहेर काढा, बेंचवर शाफ्ट सरळ रेषेत दाबा आणि बाहेरच्या जाळीदार नळीला धक्का लावू नका. टिल्ट-टेलिस्कोपिकमध्ये आत भाग जास्त असतात, म्हणून तुमच्या वर्षाची आणि कॉलमची सूचना किटच्या पत्रकात नीट वाचूनच हात घाला. हेडर्स असतील तर जागा मोजा.

आणखी एक गोष्ट, जी किट विकणारे फारशी सांगत नाहीत. हे बॉक्स सहसा मूळच्यापेक्षा वेगवान आणि हलके असतात. पहिल्या दिवशी मजा वाटते, दुसऱ्या दिवशी हायवेला शिंक आली तरी लेन बदलते. चाकाच्या स्टीअरिंग आर्मला टाय रॉडसाठी दोन भोकं आहेत का बघा. कारखान्यात पॉवरच्या गाडीला पुढचं भोक वापरत, एकूण गुणोत्तर १७.६:१. मागच्या भोकात मूळ बॉक्सने २०.२:१ येतं. इंटिग्रल बॉक्स घातल्यावर मी टाय रॉड मागच्या भोकात घेतो आणि कॅस्टर वाढवतो. गाडी शहाण्यासारखी चालते.

रॅक अँड पिनियनबद्दल लांबण लावत नाही. चांगली किट आहेत, रस्त्याची जाण सुंदर मिळते. पण रॅकची उंची आणि टाय रॉडची लांबी खालच्या आर्मच्या भूमितीशी जुळली नाही तर प्रत्येक खड्ड्यावर चाक स्वतः वळतं, आणि काही किटमध्ये गाडी वळायला जागा जास्त लागते. ट्रॅकवर नेणार असाल तर विचार करा. तुमच्या वापराला मी सांगणार नाही.

घरी होईल का? स्वतः ब्रेकचं आणि टाय रॉडचं काम केलेलं असेल तर बॉक्स काढणं-घालणं जमेल, कॉलमचं काम मात्र अनुभवी माणूस शेजारी असताना करा. बॅटरी सोडा. चाकं सरळ ठेवून शाफ्ट, रॅग जॉइंट आणि पिटमन आर्मवर खुणा करा. पिटमन आर्म पक्का बसलेला असतो, त्याला योग्य पुलर लागतो. हातोडीने ठोकलात तर धक्का थेट आतल्या बेअरिंगांना बसतो, आणि मग चांगला बॉक्सही खराब निघतो. पुलरला जागा मिळत नसेल तर आर्मसकट बॉक्स उतरवा आणि व्हाइसमध्ये धरून काढा. लॉकनट आणि कॉटर पिना नव्याच वापरा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. रॅग जॉइंटवरची तांब्याची छोटी पट्टी विसरू नका. हॉर्नचं अर्थिंग तिच्यातून जातं, आणि नवीन बॉक्सनंतर हॉर्न बंद पडला म्हणून कॉलम उघडून बसलेले लोक मला भेटलेत.

बसवून झालं की पुढची चाकं हवेत असतानाच, इंजिन बंद ठेवून, टोकापासून टोकापर्यंत सावकाश बऱ्याच वेळा फिरवा आणि तेल भरत राहा, म्हणजे हवा निघेल. दोन्ही टोकांना होज टायरला किंवा हेडरला लागतोय का ते टॉर्च घेऊन बघा. मग अलाइनमेंट, चारही चाकांची, आणि करणाऱ्याला आधीच सांगा की स्टीअरिंग वाकडं आलं तर स्लीव्ह फिरवायच्या, स्टीअरिंग व्हील काढायचं नाही. शंभरेक मैल चालल्यावर बॉक्सचे तीन बोल्ट आणि पिटमनचा नट पुन्हा टॉर्क रेंचने बघा.

तपासणीत कुठे किती खेळ निघाला ते इथेच लिहा, शक्य असेल तर रॅग जॉइंट आणि पिटमन आर्मचा व्हिडिओही टाका. मग बॉक्सचं काय करायचं ते नक्की सांगता येईल.